चंद्रावरचा बोका आणि चहाची पैज

कौसे,

त्या संध्याकाळी शेळ्या आत घेतल्या, दार लोटलं अन् आपण टीव्हीपुढं बसलो. तू भिंतीला टेकून, पाय लांब करून. मी खाटेवर. बटण दाबलं तर आपलंच लागलेलं होतं, ते मांजर-उंदराचं, चंद्रावर जायचं. सुरुवात गेल्ती, पण उंदीर अजून रॉकेटात चढला नव्हता, म्हणजे खरी मजा बाकी होती. तू लगेच म्हणालीस, "लावा पैज." मी म्हणालो, "लावली." शेवटाला बोका नेहमीसारखा चंद्रावर एकटा राहिला, रॉकेट गेलं, चित्र संपलं. तू हरलीस. भिंत धरून उठलीस, गुडघ्याला शिव्या घातल्यास अन् चहा ठेवायला गेलीस. आलं जास्त पडलं होतं. कप हातात देऊन नेहमीसारखं विचारलंस, "कसा झाला?"

मी म्हणालो, "गरम हाय."

सकाळी तू उठली न्हाईस. त्याच्याबद्दल मला लिहायचं न्हाई. लोक आले, जे करायचं असतं ते केलं अन् गेले. सुमन, आपली पोरगी, जालन्याहून आली ती अजून इथंच आहे. ती म्हणते, "नाना, दिवसभर आईशी बोलत बसता, शेळ्यासुद्धा वळून बघून राह्यल्या. त्यापेक्षा लिहून काढा." मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचं म्हणजे मला खुरपणीपेक्षा जड. पण तुझ्याशी बोलायला शाळा कशाला लागते. म्हणून लिहून राह्यलो. चुकलं तर हस. तसंही मी चुकलो की हसायचं, हे काम तू कधी चुकवलं न्हाईस.

वाचणाऱ्याला वाटंल, ही म्हातारी माणसं अन् बघत काय होती, तर लेकरांचं कार्टून. त्याचं कारण सांगून टाकतो. आपल्या टीव्हीचा आवाज गेल्ता. चित्र चांगलं, आवाज बिलकुल न्हाई. तो लहाना डबा तुझ्या जुन्या वाकळीत गुंडाळून आपण एसटीनं जालन्याला गेल्तो, मस्तगडाच्या दुकानात. सगळी वाट तू तो मांडीवर धरून बसलीस. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, पोरगं आजारी हाय का?"

तू म्हणालीस, "घसा बसलाय त्याचा."

सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो, जसं काही ही बाई माझ्याबरोबरची न्हाईच.

दुकानदारानं मागचं झाकण काढलं, आत पाहिलं, परत लावलं. म्हणाला, "आज्जी, याचा आवाजाचा पार्ट आता कुठंच मिळत न्हाई. नवीन घ्या."

"चित्र हाय ना?"

"चित्र चांगलं हाय."

"मंग आवाज मी काढते."

त्याला वाटलं तू मजाक करून राह्यलीस. त्याला काय माहीत.

घरी आणून आपण सगळं लावून पाहिलं. बातम्या लावल्या तर माणूस नुसतं तोंड हलवतोय, पाण्यातल्या माशासारखं. मालिका लावली तर बाया रडतायत, कशाला रडतायत कळत न्हाई. तू म्हणालीस, "सासू मेली असंल." मी म्हणालो, "सासू ती काय मागं उभी हाय." तू म्हणालीस, "म्हणून तर रडत्यात." शेवटी एकच चीज अशी निघाली की जिला बोली लागतच न्हाई. बोका पळतोय, उंदीर पळतोय, त्यात बोलायचं काय. तवापासून आपण तेच बघायला लागलो.

अन् आवाज तू काढायचीस, हे खरं केलंस. बोक्याला माझा आवाज दिलास. तो उंदराच्या मागं धावता धावता म्हणायचा, "अगं, माझी टोपी कुठंय? माझी चुन्याची डबी कुठंय?" उंदराला स्वतःचा आवाज दिलास. उंदीर बिळातून डोकं काढून म्हणायचा, "डोळ्यांपुढं हाय, बघा जरा." मी रागानं म्हणायचो, "मी असा बोलतो का?" तर बोकापण लगेच म्हणायचा, "मी असा बोलतो का?" मंग मला हसू यायचं. मी तोंड फिरवून हसायचो. तुला दिसायचं, हे मला माहीत होतं.

सुमन नवा टीव्ही आणते म्हणाली तर तू तिला गप्प केलंस. "नको बाई. त्याच्यात ती लोकंच बोलत्यात. मला कोण बोलू देईल?"

तशी त्यांची चित्रं लई लागायची. पण आपलं ते चंद्राचं. रोज लागायचं न्हाई. कधी महिनाभर दिसायचं न्हाई, कधी अचानक लागायचं, अन् लागलं की तू चूल सोडून यायचीस. बोका उंदराच्या मागं पळत पळत माळावर जातो. तिथं रॉकेट उभं असतं. तू त्याला इमान म्हणायचीस. उंदीर आत शिरतो, मागं बोका शिरतो, दार लागतं अन् निघालं वर. आत सगळंच तरंगायला लागतं. बाटलीतलं दूध बाहेर येतं अन् त्याच्या गोळ्या होऊन फिरतात. बोका उंदराला विसरून त्या गोळ्या जिभेनं पकडत बसतो. तिथं तू दर वेळेला म्हणायचीस, "चहाचं दूध सांडलं की असंच व्हावं. पुसायचं काम न्हाई, हात वर करून गोळा करायचं."

मंग चंद्र. बोका उडी मारतो तर वरच राहतो, अन् उंदीर त्याच्या खालून आरामात चालत जातो. चंद्र एवढासा, दोघं गोल पळतात, बोका इतका जोरात पळतो की उंदराच्या पुढं निघून जातो अन् उंदीरच त्याच्या मागं लागल्यासारखा दिसतो. शेवटी उंदीर रॉकेटात बसतो अन् दार लावून घेतो. रॉकेट लहान लहान होत ठिपका होतं. बोका गुडघे पोटाशी घेऊन बसतो अन् लांबच्या निळ्या पृथ्वीकडं बघतो. संपलं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू बसूनच राहिलीस. जाहिरात लागली तरी उठली न्हाईस. म्हणालीस, "येईल तो. मागं न्यायला येईल."

मी म्हणालो, "कोण, उंदीर? ज्यानं जलमभर त्याचा पिच्छा केला, त्याला न्यायला? संपलं ते."

"आज संपलं. पुढच्या वेळेला येईल."

"अगं, ते भरून ठेवलेलं असतं. डब्यातलं लोणचं असतं तसं. कधीबी काढा, तेच."

तू म्हणालीस, "लोणचं कुठं तेच असतं? मुरतं की."

मी उठून टीव्ही बंद केला.

तुझं एक होतं, कौसे. तुझा बाप ओव्या गायचा. देवाच्या जागराला तो ढोलापुढं उभा राहिला की गोष्ट त्याच्या हातातली. ऐकणारी भुकेली असली तर राजा जल्दी घरी पोचायचा. बाया रडायला लागल्या तर मेलेलं कोकरू कान हलवून उठायचं. एकच गोष्ट, पण तू म्हणायचीस, दर वेळेला वेगळी. सांगणाऱ्याच्या मनात आलं की फिरते. त्याच दुधावर वाढलेली तू. तुला वाटायचं टीव्हीच्या पलीकडंपण कुणीतरी असंल सांगणारं. त्याला एक दिवस बोक्याची दया येईल. मी लाख वेळा सांगितलं की तसं नसतं. तू म्हणायचीस, "तुम्हाला सांगितलं का त्यांनी तसं?"

तिथून पैज सुरू झाली. रॉकेट मागं फिरलं न्हाई तर चहा तू ठेवायचा. फिरलं तर मी ठेवायचा. सुमन एकदा मुक्कामाला होती, तिनं हे ऐकलं अन् डोक्याला हात लावला. "आई, यात पैज कुठं आली? चहा तर तूच ठेवते रोज."

तू म्हणालीस, "रोजचा चहा वेगळा, हरलेला वेगळा. हरलेल्यात माझी आशा असती."

सुमननं तेव्हाच फोनवर ते चित्र शोधून द्यायची तयारी दाखवली होती. तू हातच लावला न्हाईस. "त्याच्यात मागंपुढं करता येतं. मंग पैज कसली." मला ते पटलं. पैजेत तू इमानदार होतीस.

शब्दाचा पक्का मीपण होतो. रॉकेट फिरलं असतं तर ठेवला असता चहा, कसा ठेवतात हे माहीत नसलं तरी. पण ते फिरायचंच न्हाई. अन् दर वेळेला तू कप देऊन विचारायचीस, "कसा झाला?" अन् मी म्हणायचो, "गरम हाय."

आता ते लिंबाखालचं काढतो. तू म्हणशील, काढलंच का शेवटी. तूच काढायचीस दर वेळेला, त्या बोक्याच्या बसण्यावरून. "बसायची ढब बघा. बराबर तुम्ही."

आपलं लग्न नवं होतं अन् आपण मेंढरामागं फिरायचो. घोडीवर बिऱ्हाड, आज या रानात, उद्या त्या. कालव्याचं पाणी येऊन जिकडंतिकडं ऊस अन् मोसंबी झाली, मेंढराला वाट उरली न्हाई, म्हणून आपण शेळ्यांवर आलो, ते पुढचं. तवा तो शिंगाळा मेंढा होता. मी वाकून वहाणेतला काटा काढून राह्यलो होतो, अन् त्यानं मागून अशी टक्कर दिली की मी तोंडावर, चिखलात. बरोबरची सगळी बिऱ्हाडं हसली. पण तू हसलीस ती खाली बसून, पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येऊस्तोवर. नवी नवरी.

मी तोंड पुसलं. बांधावरच्या लिंबाखाली जाऊन बसलो. सगळ्यांनी घोड्या लादल्या, निघाले. मी उठलो न्हाई. मेंढरांची धूळ गेली, कुत्र्यांचा आवाज गेला. एवढं मोठं रान अन् मी एकला. गुडघे पोटाशी होते, हे मी कबूल करतो.

मंग तू आलीस. खांद्यावर एक कोकरू, चालायला जमत नव्हतं त्याला. माफी-बिफी काही न्हाई. समोर उभी राहून म्हणालीस, "उठा, बसलात काय. घोडी तुमच्याबिगर कुणाला हात लावू देईना."

मी म्हणालो, "मी उठतच होतो."

तू म्हणालीस, "दिसलं. मुळ्या फुटल्यात तुम्हाला."

अन् वाटेनं परत हसायला लागलीस. त्या दिवशी मी पण हसलो असं तू सांगायचीस. मला आठवत न्हाई. पण त्या लिंबापासून बिऱ्हाडापर्यंतची वाट जल्दी सरली, एवढं आठवतं.

तेव्हापासून हा वाद. तू म्हणायचीस, मी आणलं तुम्हाला. मी म्हणायचो, मी येतच होतो. सुमनच्या लग्नात व्याह्यांपुढं हा वाद झाला. सरकारी दवाखान्यात तुझ्या गुडघ्याचा फोटो काढायला बसलो तिथं झाला. तिथली नर्स म्हणाली, "आजोबा, मानून टाका ना." मी म्हणालो, "न झालेलं कसं मानू?" तू तिला म्हणालीस, "बघितलं का? अजून लिंबाखालीच बसलेत."

गुडघे गेले तेव्हापासून तू अंगणात लई हळू चालायचीस. एक पाय उचलायचा, थांबायचं, मंग दुसरा. मी म्हणालो, "काठी घे." तू म्हणालीस, "काठी कशाला? मी चंद्रावर चालून राह्यले." अन् खरंच हात पसरून तशी चाललीस, पाणी भरलेली बादली हातात असताना. निम्मं पाणी सांडलं. शेळीचं एक करडू तुझ्या पुढं टणाटण उड्या मारत होतं. तू त्याला म्हणालीस, "तू हो पुढं, उंदरा. मी आलेच." मला त्या वेळेला वाटलं, की ही बाई जे बघते ते घरात आणते. चंद्र पण अंगणात आणून ठेवला हिनं.

बादली घेतली अन् परत भरून आणली.

तर आता तेराव्याचं सांगतो, कारण तिथं भानगड झाली.

जेवणं उरकली, पाहुणे गेले. तुझी बहीण मथुरा राहिली. तिला नीट दिसत न्हाई, तुला माहीतच हाय, अन् तिच्या वस्तीवर टीव्ही न्हाई. ती, सुमन अन् गल्लीतल्या बाया ओट्यावर बसल्या होत्या. सगळ्या गप्प. तू असतीस तर एवढं गप्प बसू दिलं नसतंस कुणाला.

मथुरा म्हणाली, "दाजी, एक इचारू का? राग नका धरू."

"इचार."

"ताई फोनवर लई सांगायची. बोका अन् उंदीर इमानात बसून चंद्रावर गेले म्हणून. मी म्हणायची, मंग पुढं? तर म्हणायची, चालू हाय अजून, कळवते तुला. त्याचं काय झालं मंग शेवटाला?"

बघ तू. बहिणीला इतकी वर्षं सांगितलंच न्हाईस. चालू हाय म्हणालीस.

माझ्या तोंडात आलं होतं, राहिला तिथंच. तेच खरं होतं. पण मथुरा मान वाकडी करून ऐकत होती, त्या बायापण माझ्याकडंच बघून राह्यल्या होत्या, अन् सुमन पदराच्या टोकाला गाठ मारत बसली होती. एवढ्या बायांत मी तोंड उघडून कधी गोष्ट सांगितली न्हाई. मला कळेना सुरू कुठून करायचं. मंग तू बोक्याचा आवाज काढायचीस ते आठवलं. तो माझाच आवाज. मला तो काढायला काय अवघड.

म्हणालो, "उंदीर इमानात बसला. दार लावलं अन् निघाला. थोडा वेळ लई खूश होता. मंग मागं बघतो तर कुणी पळत न्हाई. दुधाच्या गोळ्या फिरून राह्यल्या, चाटायला कुणी न्हाई. टोपी कुठंय, डबी कुठंय म्हणून कुणी इचारत न्हाई. त्याला करमंना."

"मंग?" मथुरा म्हणाली.

"मंग काय. फिरवलं त्यानं इमान."

एक बाई म्हणाली, "बरं केलं."

"चंद्रावर उतरला. बोका गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, निळ्या पृथ्वीकडं तोंड करून. उंदीर समोर उभा राहून म्हणाला, उठा, बसलात काय. इमान तुमच्याबिगर कुणाला हात लावू देईना."

सुमननं मान वर केली. तिला कळलं.

मथुरा म्हणाली, "अन् बोका काय म्हणाला?"

"बोका म्हणाला, मी उठतच होतो."

सुमन हसली. तुझ्यासारखीच, पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येऊस्तोवर. ती हसली म्हणून बाया हसल्या. मथुराला कशाला हसतायत ते कळलं न्हाई, पण तीपण हसली. तेराव्याच्या दिवशी आपल्या ओट्यावर एवढं हसणं झालं की समोरच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. काय म्हणायचं ते म्हणो.

"घरी आले का मंग दोघं?" मथुरानं विचारलं.

"आले. आल्या आल्या परत पळापळी."

"ब्येस झालं," ती म्हणाली. "मला घोर होता. मुकं जनावर तिथंच राहिलं का काय."

बाया उठून गेल्या, अन् मी दाराची कडी लावता लावता थांबलो. रॉकेट फिरलं होतं. म्हणजे पैज तू जिंकलीस.

आता तुझ्यासमोर मला खोटं चालायचं न्हाई, म्हणून आधीच सांगतो. टीव्हीत फिरलं नव्हतं, मी फिरवलं. पण सांगणाऱ्याच्या मनात आलं की गोष्ट फिरते, हा कायदा तुझाच हाय, तुझ्या बापाचा हाय. त्या कायद्यानं मी हरलो. ते मान्य.

लिंबाखालून मात्र मी उठतच होतो. ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळीची धार काढली. मथुरा चुलीकडं निघाली होती, तिला म्हणालो, "थांब. चहा मी ठेवणार हाय." ती म्हणाली, "दाजी, तुम्ही?" सुमन दारात उभी राहून बघत होती. पत्तीचा डबा मला सापडेना. मी आपला सवयीनं ओरडलो, "पत्ती कुठंय?" अन् कुणी बोलायच्या आत मला तुझा उंदीर ऐकू आला, डोळ्यांपुढं हाय, बघा जरा. बघितलं. डोळ्यांपुढंच होती. मूठभर टाकली. साखर टाकली, ती किती टाकायची याचा अंदाज न्हाई. आलं ठेचायला बसलो तर ते दगडाखालून उडालं अन् गेलं शेळ्यांकडं. मंग बिनआल्याचाच झाला. दूध टाकलं तर एकदम वर आलं, निम्मं चुलीत गेलं. तुझ्या चंद्रावर असतं तर वाचलं असतं.

कपात ओतला. काळा-तांबडा, विहिरीतल्या गाळासारखा. एक मथुराला दिला, एक सुमनला. मी उभाच राहिलो.

सुमननं घोट घेतला. डोळे मिटले. गिळला.

मी विचारलं, "कसा झाला?"

"गरम हाय," ती म्हणाली.